नानांचे आफ्रिकेतले भाऊबंद

नानांना गोरिला बघायचा होता. टीव्हीवर युगांडातल्या बविंडी राष्ट्रीय उद्यानावरचा कार्यक्रम लागला, आणि दुसऱ्या दिवशी फणसवाडीतल्या आमच्या चाळीत सकाळचं पाणी यायच्या आधी बातमी आली, की नाना आफ्रिकेला निघाले.

चौकशी केली. जगात डोंगरी गोरिले उरलेत हजारापेक्षा थोडे जास्त, त्यातले जवळजवळ निम्मे बविंडीत. त्यांना भेटण्याच्या परवान्याची फी माणशी 800 डॉलर. भेटीची वेळ एक तास. विमान, राहणं, खाणं निराळं. नानांनी कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर हिशोब मांडला. ‘‘मिनिटाला हजाराच्या वर पडतात. एवढे मोजून तो आमच्याकडे पाठ करून बसला तर?’’

तरीही ते एफडी मोडायला निघाले होते. आडवी आली ती शिंक. गोरिला आपल्या इतका जवळचा, की माणसाचं पडसं त्याला होतं आणि जिवावर बेततं. म्हणून शिंकणाऱ्या-खोकणाऱ्या पाहुण्याला त्याच्या जवळ सोडत नाहीत. नाना बारा महिने शिंकतात. आमच्या मजल्यावर त्यांच्या सकाळच्या पहिल्या शिंकेला दूध गॅसवर चढतं.

‘‘नाना, मग आंबोलीला चला,’’ मी म्हटलं. ‘‘तेही वर्षावनच.’’

‘‘काय आहे तिथे?’’

‘‘बेडूक.’’

नाना काही बोलले नाहीत. माईंनी एवढंच विचारलं, ‘‘परवाना कितीचा?’’

आंबोलीला हलकं समजू नये. काँगोच्या खोऱ्यातल्या जंगलात वर्षाला साधारण पावणेदोनशे सेंटिमीटर पाऊस पडतो, तोही बराचसा वर्षभर वाटून. आंबोलीत सातशेच्या आसपास, आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. ही आकडेवारी मी नानांना तुतारी एक्स्प्रेसमध्ये ऐकवली. गाडी दादरहून मध्यरात्रीनंतर सुटते, म्हणून नाना गिरगावातून साडेनवालाच निघाले होते आणि आता त्यांना कुठल्याच खंडाची आकडेवारी नको होती.

सावंतवाडीहून घाट चढलो तो ढगातच. धबधब्यापाशी शनिवारची गर्दी. स्पीकर, कणसं, कांदाभजी, आणि भजीच्या द्रोणावर डोळा ठेवून बसलेली माकडं. माईंच्या हातातली भजी गेली तेव्हा नाना म्हणाले, ‘‘हे बघ, झालं वन्यजीवदर्शन. चला परत.’’ पुढे कावळेसादला दरीतून येणारा वारा धबधब्याचं पाणी उचलून वर फेकतो, म्हणजे पाऊस खालून लागतो. नाना छत्री क्षणभर डोक्यावर, क्षणभर गुडघ्यासमोर धरत होते. शेवटी तिनेच निर्णय घेतला आणि ती दरीत गेली.

माझं मत असं, की वर्षावनाची सगळी गैरसमजूत टीव्हीने केली आहे. तिथे दर दोन मिनिटांनी काहीतरी झेप घेतं. खऱ्या वर्षावनात सगळं पानांमागे असतं, बहुतेक बोटाएवढं असतं, आणि आपण त्याला बघण्याच्या खूप आधी त्याने आपल्याला बघितलेलं असतं. आफ्रिकेतही तेच, तिथल्या जंगलात हत्तीसारखा हत्ती काही पावलांवर उभा असून दिसत नाही. आंबोलीत गवे आहेत, अस्वलं आहेत, बिबटे आहेत. आम्हाला शेणाचा एक पो दिसला. तो गव्याचा, असं गाइड म्हणाला. नानांनी तो म्हशीचा ठरवला.

रात्री जेवणं आटपून, रेनकोट चढवून, पायमोज्यांना मीठ चोळून (जळवांसाठी) आम्ही जांभ्याच्या सड्यावर गेलो. गाइड तिथलाच मुलगा. पाठीवर पिशवी, हातात टॉर्च, पायात साधी रबरी चप्पल. आमचे महागडे बूट पाहून तो काही बोलला नाही, हा त्याचा मोठेपणा. दगडावरच्या बोटभर डबक्यापाशी तो वाकला. तिथे एक भेग होती आणि भेगेत अंगठ्याच्या पेराएवढा भेक. अंगावर वाघासारखे पट्टे, म्हणून शास्त्रीय नावात ‘टायग्रिना’. 2009 साली शास्त्रज्ञांनी त्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. अतिसंकटग्रस्त; आंबोली आणि आजूबाजूचा थोडा पट्टा सोडला तर फारसा कुठे नाही. अंडी घालायला त्याला सड्यावरचं असंच उथळ पाणी लागतं, आणि बाहेर पडला की रस्त्यावर पर्यटकांच्या गाड्यांखाली येतो. म्हणजे त्याला बघायला येणारेच त्याला चिरडतात. हे ऐकून नाना गाडीच्या ड्रायव्हरला शोधायला निघाले होते.

‘‘नानानू, थंयच ऱ्हवा,’’ गाइड एकदम हळू आवाजात म्हणाला.

नानांच्या कानापासून हातभर अंतरावर फांदीवर चापडा होता. मलबारचा, विषारी, शेवाळी हिरवा आणि अत्यंत निवांत. नानांना एवढं स्तब्ध मी फक्त चाळीच्या पुनर्विकासाच्या सभेत पाहिलंय. पण देवाने नाक दिलंय. ते फुललं, आम्ही डोळे मिटले, आणि शिंक झाली. चापड्याने तिची दखल घेतली नाही. वरच्या पानावरून मात्र काहीतरी हिरवं सुटलं, लालकेशरी पडद्यांचे चारही पंजे पसरून टॉर्चच्या झोतातून तरंगत गेलं आणि पलीकडच्या झुडपावर चिकटलं. मलबारी उडता बेडूक. नऊ-दहा मीटरही तरंगत जातो, असं पुस्तकात वाचलं होतं. गाइड म्हणाला, लोक रात्र-रात्र उभे राहतात, त्यांना तो बसलेला दिसतो. नाना त्या क्षणापासून बदलले. उरलेला वेळ ते मुद्दाम शिंकायचा प्रयत्न करत होते.

सकाळी हिरण्यकेशीला गेलो. देवळासमोरच्या कुंडात इतकी वर्षं लोक पाय धूत होते, आणि त्याच पाण्यातल्या इवल्या माशाला शास्त्रात नाव मिळालं 2020 साली: शिस्टुरा हिरण्यकेशी. पुढच्याच वर्षी जागा जैविक वारसा स्थळ झाली. नाव देणाऱ्यांत तेजस ठाकरे होते हे कळताच नाना राजकारणावर घसरले. माईंनी हातावर प्रसाद ठेवून त्यांचं तोंड बंद केलं.

परतताना गाइडने वाटेवरचा एक दगड उलटला. खाली ओल्या मातीत गांडूळ वळवळत होतं.

‘‘याच्यासाठी?’’ नाना.

ते देवगांडूळ होतं. गांडूळ नव्हेच, बेडकांच्याच गोतातलं, पाय नसलेलं, पाठीचा कणा असलेलं. आंबोलीतल्या एका जातीला नाव दिलंय ‘डॅनिएली’, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जे. सी. डॅनियल यांच्यावरून. ‘‘म्हणजे आपल्या फोर्टातले!’’ नाना उकिडवे बसले. मी पुढचं सांगितलं: याच कुळातली देवगांडुळं सेशेल्स बेटांवर आहेत, इथिओपियात आहेत, पार पश्चिमेला कॅमेरूनच्या वर्षावनात आहेत. भारत आणि आफ्रिका एकाच भूखंडात होते, तेव्हापासूनचं घराणं.

नानांचा कुळवृत्तांतावर फार जीव. आमचा सापडतो तो गुहागरजवळच्या एका मूळ पुरुषापर्यंत, त्यामागे अंधार. इथे दगडाखाली कोट्यवधी वर्षांची शाखा बसली होती, भाऊबंदांसकट, आणि पाहायला 800 डॉलर लागत नव्हते. गाइडने दगड जपून पूर्ववत ठेवला, आणि नानांनी वरून हाताने माती सारखी केली.

खोलीवर आल्यावर ते माईंना सांगत होते, ‘‘अगं, केनियात यांच्यातली एक आहे, ती पिल्लांना स्वतःची कातडी खायला घालते. अंगावर खास जाड कातडी येते, पिल्लं ती ओरबाडून खातात, की पुन्हा नवी येते. 2006 साली शोध लागला. आई बघ, आई!’’

माई पलंगाखाली वाकून काहीतरी शोधत होत्या.

‘‘बरं,’’ त्या म्हणाल्या, ‘‘तुमचा दुसरा मोजा कुठेय?’’