पोरगा ट्रान्सपोर्टमधी हाय!

"गेले का मास्तर?" अक्कांनी कुंपणाच्या तारेवर ओली गोधडी टाकत विचारलं. या प्रश्नाचा अर्थ एवढाच, की आता बोलायला हरकत नाही ना.

"गेले. बोला."

"काल पाव्हणं आलतं आमच्यात. बघितलं असंल की."

बघितलं नसतं तर शेजारीण कसली! पांढरी कोरी गाडी, एमएच बारा, पुढं लिंबू-मिरची. आणि उतरणारे चौघे असे घामाघूम, की गाडी पुण्यापासून ढकलत आणली असावी. वाघोलीकडची मंडळी, अक्कांच्या धाकट्याला पाहायला आलेली.

"धाला येतो म्हणलं आन् आलं साडेबाराला. पोहं दोनदा करावं लागलं. आन् बसल्या बसल्या पोरीचा बाप काय म्हणला सांगू? म्हणं, 'या ट्रकवाल्यांना रस्त्यावर येऊच देऊ नये.' वाघोलीपासनं शिक्रापूरपत्तुर कुणी साइड दिली न्हाई. हॉर्न वाजवून वाजवून अंगठा दुखला. पुढं रांजणगावाजवळ एका कंटेनरनं दाबलं. अर्धा तास नुसतं ट्रकवाल्यांचं कौतुक! आन् आमचं पोरगं समोर बसलेलं, खाली मान घालून."

"म्हणजे? पोरगा काय करतो ते सांगितलं नव्हतं का तुम्ही?"

"मध्यस्थानं सांगितलं व्हतं, ट्रान्सपोर्टमधी हाय. हायच की!"

मला हसू आवरेना. "मग फुटलं कसं?"

"त्यांनीच इचारलं, 'ऑफिस कुठंय?' आमचं येडं म्हणलं, 'सुप्याला उभंय, एमआयडीसीच्या गेटाबाहेर.'"

पाहुण्यांच्या हातातले चमचे तिथंच थांबले म्हणे. बापानं फक्त "असं का" म्हटलं आणि पोह्यातले शेंगदाणे वेचायला घेतले.

"खरं सांगू का अक्का, राग मानू नका," मी म्हटलं. "माझा भाचाही हेच रडगाणं गातो. गाडी घेतल्यापासून दर खेपेला इथं येऊन आधी ट्रकवाल्यांचा उद्धार, मग चहा. दोन ट्रक एकमेकांना ओव्हरटेक करायला निघतात, एकाचा वेग चाळीस, दुसऱ्याचा एक्केचाळीस, आणि मागं शंभर गाड्या ताटकळत. रात्री मागचा दिवा नाही, रेडियम नाही. अप्पर मारला की डोळ्यांपुढं अंधारी. त्यात मागं लिहिलेलं 'हॉर्न ओके प्लीज'. वाजवला तर शिव्या, नाही वाजवला तर साइड नाही."

"त्याला तर बंदी घातली ना सरकारनं?"

"2015 सालीच घातली. पण पेंटरला कोणी कळवलेलं दिसत नाही."

"आता आमचं ऐका," अक्का गोधडी पिळायची सोडून कुंपणाला टेकल्या. "उजवी लेन सोडत न्हाईत म्हणता. डावीकडं काय असतं? उलटा येणारा ट्रॅक्टर, मुंगळ्यावानी दुचाक्या, वडापाव घ्यायला मधीच थांबलेल्या तुमच्या फोरव्हीलरी. पोरगं म्हणतं, डावीकडनं चाललो तर धा मिन्टाला एक ब्रेक. आन् भरल्या गाडीला ब्रेक मारला की ती उभी ऱ्हात न्हाई, उभी ऱ्हायला लागती. म्हणून बिचारं पुढच्या गाडीत आन् आपल्यात जागा ठिवतं. लगेच एक फोरव्हीलर सूंकन त्यात घुसती. त्यांना वाटतं, जागा आपल्यासाठीच राखून ठिवली!"

तेवढ्यात पलीकडच्या ओट्यावरून तात्यांनी खाकरून आपण जागे असल्याचं कळवलं. तात्या म्हणजे अक्कांचे दीर. सारी हयात पारनेर आगाराच्या एसटीवर काढलेली. ट्रकवाला आणि कारवाला दोघांनाही शिव्या घालायचा हक्क गावात फक्त त्यांनाच आहे.

"दहा टायरची गाडी," तात्या कुंपणापाशी आले, "मालासकट साडेअठ्ठावीस टनांपर्यंत भरायची परवानगी आहे. 2018ला वाढवली, आधी पंचवीस होती. तुमच्या भाच्याची गाडी टनभराची. त्याला वाटतं, मी पायाखालचं दाबलं की थांबतो, तसा तोही थांबेल. आणि दुसरं, तो डावीकडून ट्रकच्या दाराखाली घुसला की ड्रायव्हरला दिसतच नाही. आरसा वरून बघतो, गाडी खाली. पूर्वी त्या बाजूला क्लीनर बसायचा. दारावर थाप मारली की आम्हांला कळायचं, कोणीतरी घुसलंय. आता मालकांनी खर्च वाचवायला क्लीनर काढले. डावा डोळाच काढला म्हणा ना."

"आणि ते इंडिकेटर, तात्या?" मला भाच्याची बाजू सोडवेना. "उजवं लावतात ते 'जा' म्हणून की 'थांब' म्हणून?"

"ते ज्याचं त्याला ठाऊक. एखादा 'जा' म्हणून लावतो, एखादा खरंच वळणार असतो. मी तीस वर्षांत एकावरही विश्वास ठेवला नाही, म्हणून पेन्शन खातोय."

"मग पुण्यातल्या नवले पुलाचं काय?" मी हुकमाचं पान टाकलं. "नोव्हेंबर 2022मध्ये एका ट्रकनं उतारावर 48 गाड्या ठोकल्या. आधी म्हणे ब्रेक फेल. मग पोलिसांनी सांगितलं, गाडी न्यूट्रलला होती."

तात्या जरा गप्प झाले. मग म्हणाले, "त्याला माफी नाही. उतारावर गाडी गिअरमध्येच पाहिजे. गिअर काढला की इंजिनाची ओढ गेली, सगळा भार ब्रेकवर. त्यात कोणी इंजिनच बंद केलं तर संपलंच. ट्रकचा ब्रेक हवेवर चालतो, हवा इंजिन भरतं. सारखा पाय दाबत राहिलं की टाकी रिकामी. आपल्या कामरगावच्या घाटातही हे करणारे बघितलेत मी. पण का करतात, तेही विचारा. मालक लिटर-लिटरचा हिशेब घेतो. उतारावर वाचलेलं डिझेल ड्रायव्हरच्या जेवणाचे पैसे असतात."

"तसंच हाय बघा," अक्कांनी धागा उचलला. "कांद्याची गाडी असली की रात्रीतून वाशीचं मार्केट गाठायचं. उशीर झाला तर व्यापारी मालकावर वराडतो, मालक पोरावर. येताना रिकामं यायचं न्हाई, रिटर्न भाडं मिळंस्तवर दोन-दोन दिस गाडीतच."

"कायद्यानं आठ तासांचा दिवस आहे," तात्या म्हणाले. "1961चा कायदा आहे तसा. पण त्यातल्या घड्याळाचा आणि रस्त्यावरच्या घड्याळाचा संबंध कधी आलाच नाही. बाई, खरं भांडण लहान-मोठ्या गाडीचं नाहीच. कारवाला घाईत असतो तो स्वतःच्या. ट्रकवाला घाईत असतो तो दुसऱ्याच्या. आणि दोघं एकमेकांच्या तोंडावर ओरडतात. तो व्यापारी, तो मालक कोणाच्याच काचेत दिसत नाही."

मास्तरांच्या घरात राहून मी पुष्कळ वाक्यं ऐकली आहेत, पण हे मनात ठेवलं.

"पण माणूस उडवून पळून जातात त्याचं काय?" मी विचारलं. "त्या 2024च्या नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी संप केला होता ना याच्यासाठीच? पंपापंपावर बाटल्या घेऊन लोक उभे. माझी दळणाची गाडी दोन दिवस दारात."

"मनमाडजवळच्या पानेवाडीतून टँकरच सुटले नव्हते," तात्यांना सगळं पाठ. "नव्या न्याय संहितेत कलम 106 आलं. अपघातात माणूस गेला आणि न कळवता पळाला, तर दहा वर्षांपर्यंत शिक्षा आणि दंड. जुन्या कायद्यात दोनच वर्षं होती. त्यात कुणीतरी पुडी सोडली की दंड सात लाख. कलमात सात लाख कुठंच नाहीत, पण ड्रायव्हरच्या कानात तेवढेच घुमले. दोन तारखेच्या रात्री सरकारनं बोलणी केली, चाकं फिरली. पुढं जुलैत नवे कायदे लागू झाले तेव्हा तेवढं पोटकलम बाजूला ठेवलं."

"पण पळायचं कशाला? थांबावं की."

"थांबावं," अक्का एकदम चढ्या आवाजात म्हणाल्या. "आन् जमावानं ठेचलं तर? चूक कुणाची का असंना, मार मोठ्या गाडीला. दुचाकीवाला झोकांड्या खात यिऊन मागच्या चाकाला धडकला तरी धरायचं ट्रकवाल्यालाच!"

"त्यात काही खोटं नाही," तात्या म्हणाले. "1988च्या मोटार वाहन कायद्यात 134 कलम आहे. जखमीला दवाखान्यात न्यायची जबाबदारी ड्रायव्हरची. पण त्याच वाक्यात सवलत दिलीय, जमाव खवळलेला असेल आणि ते शक्यच नसेल तर. म्हणजे सरकारलाही माहीत आहे, आपले लोक काय करतात. मग त्यानं जवळच्या पोलिस ठाण्यात जाऊन कळवावं. हे मी पोरांना कितीदा सांगितलंय. पळ, पण ठाण्याकडं पळ."

"आन् बड्यांचं काय हो?" अक्कांचा पारा उतरेना. "ते कल्याणीनगरचं. मे महिन्यात, 2024ला. नगर रस्त्याला लागूनच की ते. अल्पवयीन पोरगं, कोटीभराची गाडी, दोन इंजिनिअर पोरं जागच्या जागी गेली. आन् शिक्षा काय? निबंध!"

"शिक्षा नाही, जामिनाची अट," मी दुरुस्त केलं. "तीनशे शब्दांचा. मास्तर त्या दिवशी जेवले नाहीत. म्हणाले, आमच्या सातवीच्या पोरांनाही मी याहून जास्त लिहायला लावतो."

"आणि त्यातलं पुढचं विसरू नका," तात्या म्हणाले. "गुन्हा घरच्या ड्रायव्हरनं अंगावर घ्यावा म्हणून त्याला डांबलं, असा आरोप पोलिसांनीच ठेवला. गाडी कोणाचीही असो, शेवटी नाव ड्रायव्हरचं."

वातावरण जड व्हायला लागलं तशी मी विषय पोह्यांवर आणला. "मग पाहुणे उठले कसे?"

अक्कांचे डोळे चमकले. "तीच तर मजा! बाप तोंड पाडून उठला आन् म्हणला, 'आता राळेगणला आलोच आहोत, तर यादवबाबाच्या देवळात जाऊ, अण्णा हजाऱ्यांचं दर्शन घडलं तर बघू.' मी म्हणलं, जा की. पण सांगून ठिवते बाबा, अण्णाबी मिलिटरीत ट्रकच चालवायचं. चालंल ना?"

तात्या इतके हसले की त्यांना ठसका लागला. पाणी प्यायल्यावर म्हणाले, "खोटं काय त्यात! 1960ला भरती झाले, गाडी चालवायचं काम. पासष्टच्या लढाईत खेमकरणला गाडीवरच होते. बरोबरचे सगळे गेले, यांच्या डोक्याला गोळी चाटून गेली. तिथून पुढं जगायचं कशासाठी हा विचार सुरू झाला. 75ला नोकरी सोडली आणि गावात आले. पाणलोट, नशाबंदी, कुऱ्हाडबंदी, जगभरचे लोक बघायला येतात ते सगळं त्यानंतरचं. स्टेअरिंगवरून उतरलेल्या माणसानं हे गाव उभं केलं, आणि याच गावात येऊन म्हणायचं पोरगा ड्रायव्हर आहे!"

"आपल्या गावातले तरी कुठं देतात हो ड्रायव्हरला पोरगी?" मी हळूच म्हटलं. कुंपणाच्या दोन्ही बाजूंना जरा शांतता झाली. कारण आमच्याच आळीतल्या दोन पोरी पुण्यातल्या फ्लॅटवाल्यांना दिल्यात. एकाची गाडी हप्त्यावर, दुसऱ्याचा फ्लॅटही हप्त्यावर. पण त्यांना कोणी ड्रायव्हर म्हणत नाही, कारण ते स्वतःची गाडी चालवतात.

"केबिनमध्ये एसी आला तर देतील," तात्या म्हणाले. "ऑक्टोबर 2025पासून बनणाऱ्या ट्रकांना सक्तीचाच केलाय."

"आमच्या पोराची गाडी जुनी. तिला एक पंखा हाय, तो बी ड्रायव्हरकडं न्हाई, काचंकडं फिरतो."

"मग स्थळ मोडलं म्हणायचं का, अक्का?"

अक्कांनी आजूबाजूला पाहिलं. आमच्याशिवाय ऐकणारं कोणी नव्हतं, पण पद्धत पाळावी लागते. "पोरगी आतापत्तुर काई बोलली नव्हती. जाताना ओट्यावर चपला घालता घालता आमच्या पोराला इचारती, 'लांबच्या ट्रिपला गेल्यावर झोपता कुठं? आणि किती तास?'"

"अगंबाई!"

"बापानं इचारलं पगार किती, जमीन किती, गाडी नावावर हाय का. पोरीनं झोप इचारली. माझ्या पोटच्या पोराला मी सुदिक कधी इचारलं नव्हतं."

"काय सांगितलं त्यानं?"

"खरं सांगितलं. केबिनमधी, चार तास. ती म्हणली, 'चार कमी आहेत.' आन् गेली गाडीत बसून."

"मग?"

"मग काय! रात्री मध्यस्थाचा फोन. बाप अजून फुगलेला हाय, पण पोरगी म्हणती, ड्रायव्हर चालंल, रात्रीची सलग गाडी चालणार न्हाई. आज पोरगं मालकाला सांगाय गेलंय, लांबच्या ट्रिपला जोडीला दुसरा ड्रायव्हर द्या, न्हाईतर दुसरा मालक बघतो."

"देईल मालक?"

"भरवशाचे ड्रायव्हर मिळत नाहीत हल्ली," तात्या म्हणाले. "झक मारत देईल."

अक्कांनी गोधडी पुन्हा झटकली, दोन थेंब माझ्या तोंडावर उडाले. "आन् मास्तरीणबाई, साखरपुड्याला पाव्हणं आणायला तुमच्या भाच्याची गाडी लागंल बरं का. त्याला म्हणावं, शिक्रापुरात ट्रकच्या मागं उगा हॉर्न बडवू नको."

"का हो?"

"पुढं नवरदेव असायचा!"