सपाट सोलापूर, डोंगरी टायर

सोलापूर पठारावर वसलेलं. तरी सात रस्ता चौकात थार गाडी उभी राहिली की टायर थेट लडाखचे!

कंपनीचे २५५/६५ आर १८ उतरवून हौशी मालक २८५/६५ चढवतो. टायरचा व्यास ७८९ मिलिमीटरवरून ८२८ वर, म्हणजे सुमारे ५ टक्के वाढ. मीटरला याची खबरच नसते. पूर्वीच्या ६० च्या काट्यावर गाडी आता ६३ ने धावते. किलोमीटर कमी नोंदले जातात, डिझेल मात्र जास्त लागतं.

स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टायर मडगार्डच्या आतल्या प्लास्टिकला खर्रकन घासतो. मग गाडी उंच करायला लिफ्ट किट. मग आजींना चढता येईना, म्हणून फूटस्टेप.

एवढं करून मोहीम कुठली? होटगी रोडवरचा गतिरोधक. तोही पहिल्या गिअरमध्ये, जपून. टायर महाग आहेत.