तांब्यातला विजेता

परवा हदगावजवळच्या एका मैदानावर टेनिस बॉल स्पर्धेचा अंतिम सामना झाला. आठ-आठ षटकांचा. दोन्ही संघांच्या धावा झाल्या 71. सुपर ओव्हर टाकायला फार तर दहा मिनिटं लागली असती. पण जनरेटरमधलं डिझेल तळाला गेलेलं, आणि प्रमुख पाहुण्यांना तामशाला एका हळदीला गाठायचं होतं. तेव्हा माइकवरून पुकारा झाला, "प्रेक्षकांनी शांतता राखावी, चिठ्ठी टाकण्यात येत आहे."

चिठ्ठीचा विधी आपल्याकडं कुणाला सांगायला नको. ग्रामपंचायतीला मतं सारखी पडली की हीच चिठ्ठी आणि असंच एखादं लहान पोरगं. पोरगं अक्षरशत्रू हवं आणि दोन्ही बाजूंपैकी कुणाचंच नको. मैदानावर असं एकच सापडलं: पहिलं बक्षीस देणाऱ्याचा भाचा. मी संयोजकांना विचारलं, "दादा, सुपर ओव्हर काहून नाही?"

"सर, ओव्हर टाकली की लोकं पंचावर संशय घेतेत. पोरगं म्हंजे देवाघरचं फूल."

आता कागद हवा. गुणलेखकानं हाताला आलं ते वहीचं पान टरकावलं. ते नेमकं शेवटच्या षटकाचं. म्हणजे सामना बरोबरीत सुटला याचा एकमेव लेखी पुरावा दोन तुकडे होऊन, घड्या पडून तांब्यात गेला. तांब्याही नीट कोरडा केलेला नव्हता. फुलानं हात घातला, एक चिठ्ठी पाहुण्यांच्या हातात दिली आणि दुसरी स्वतःच्या तोंडात घातली. पाहुण्यांनी नाव वाचलं, हलगी कडाडली. हरलेला कर्णधार मात्र "दुसरी दाखवा, दुसरी दाखवा" म्हणून घसा फोडत होता. त्याचं काय चुकलं? दोन्ही चिठ्ठ्यांवर एकच नाव असू शकतं, हे कळण्याइतक्या निवडणुका त्यानंही पाहिल्यात. पण पोराच्या गालातून ती बाहेर काढेपर्यंत तिचा लगदा झाला होता. पंचांनी तो बोटांवर पसरून हॅलोजनसमोर धरला. त्यावर काहीतरी निळ्या शाईनं लिहिलं होतं, इतपत छडा लागला, आणि तेवढ्यात डिझेल संपलं.

बाहेरच्या जगात तरी काय दिवे लागलेत म्हणा. 1968 साली युरोपच्या फुटबॉल स्पर्धेत इटली आणि सोव्हिएत संघ उपांत्य सामन्यात दोन तास खेळून शून्य-शून्य राहिले. इटली नाणं उडवून अंतिम फेरीत गेली. 2009 साली रग्बीत कार्डिफ आणि लेस्टर 26-26 वर अडले, तर ज्यांचा सारा जन्म ढकलाढकलीत गेला अशा आडदांड गड्यांना एकेक करून गोलाला लाथ मारायला उभं केलं. निकाल 7-6. पैलवानाला म्हणावं, कुस्ती सुटली नाही, आता तू सूर मारून दाखव, त्यातलाच प्रकार. 2019 चा लॉर्ड्सवरचा विश्वचषक तर ताजाच आहे: 241-241, सुपर ओव्हर 15-15, मग चौकार-षटकार मोजले, 26 विरुद्ध 17. पळून काढलेली धाव त्या दिवशी मजुरीत धरलीच नाही.

आपल्या मातीतले नियम बघावेत तर त्यांचं एकमेकांशी पटत नाही. कबड्डीत पूर्वी जादा वेळेनंतरही बरोबरी राहिली, तर सामन्यातला पहिला गुण ज्याचा तो जिंकायचा. मॅटवरच्या कुस्तीत डावांची किंमत नि ताकिदी सारख्या निघाल्या, तर शेवटचा गुण ज्याचा तो जिंकतो. लवकर आलेला भला की उशिरा आलेला, ते मैदान बघून ठरवायचं. त्यातल्या त्यात खो-खो शहाणा. जादा डावातही फरक पडला नाही तर लघुत्तम आक्रमण: पहिला गडी कमी वेळात कोण टिपतो ते घड्याळ लावून बघायचं. निदान पळावं तरी लागतं, आणि घड्याळ कुणाचा भाचा नसतं.

चिठ्ठीवर माझा राग जुना आहे, ते कबूल करून टाकतो. अनुदानावरच्या तुषार संचासाठी मी चार वर्षं अर्ज करत होतो. सातबारा जोडला, आठ-अ जोडला, बँकेच्या पुस्तकाची झेरॉक्स जोडली. ऑगस्टमध्ये सोयाबीन माना टाकत असताना मोबाइलवर निरोप यायचा की सोडतीत आपली निवड झालेली नाही. बरं, माझ्या विहिरीला पाणी किती, शेजाऱ्याच्या विहिरीला किती, हे मोजायला खो-खोचं घड्याळसुद्धा लागलं नसतं, नुसता दोर आणि दगड पुरला असता! पण दगड सोडायला कुणीतरी बांधावर यावं लागतं ना. चिठ्ठी खुर्चीत बसून निघते. मोजायचा कंटाळा आलेल्या माणसानं काढलेला शोध आहे हा, आणि त्याला नाव दिलंय निःपक्षपातीपणा! पुढं सोडत बंद झाली आणि जो आधी येईल त्याला आधी, असं आलं. म्हणजे तांब्यातून निघून जुन्या कबड्डीत आलो. पहाटे तीनला उठून अर्ज भरायला बसलो, तर सर्व्हर झोपलेला.

असो. विषय क्रिकेटचा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला दोन्ही संघांची पोरं त्याच खेळपट्टीवर जमली आणि त्यांनी एकेक ओव्हर टाकून घेतली. ना पंच, ना माइक. कोण जिंकलं ते मला ठाऊक आहे; पण वहीत पान शिल्लक नाही आणि ढाल पाहुण्यांनी रात्रीच मोबाइलच्या उजेडात देऊन टाकली.

त्या भाच्याला चिठ्ठी काढण्याबद्दल कॅडबरी कबूल केली होती. ती अजून मिळालेली नाही. त्याचा अर्ज छाननीत असावा.