आईपणाचा दाखला

जानेवारी 2025 मध्ये पालकमंत्र्यांची यादी निघाली आणि दुसऱ्याच दिवशी रायगड-नाशिकच्या नेमणुकांना स्थगिती द्यावी लागली. महाडकडे रस्त्यावर टायर पेटले. पालकत्वासाठी लोक इतके हपापलेले पाहून ऊर भरून आला. जिल्हा तर चांगला सज्ञान. तरी त्याला पालक मिळतो, आणि वर्षअखेरीस त्या पालकाकडे कुणी हिशेब मागत नाही.

आता जळगाव जिल्ह्यातल्या यावलला या. समजा, एका माउलीचा मुलगा सेरेब्रल पाल्सीमुळे अंथरुणाला खिळलाय. त्याला भरवणं, न्हाऊ घालणं, कडेवर घेऊन भुसावळची बस पकडणं, सगळं तिचंच. 1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याने ती पालक खरी, पण बापाच्या नंतरची. मुलाला अठरा पूर्ण झाली की तेवढंही संपतं. त्याच्या खात्यातले निराधार योजनेचे पैसे काढायला गेलं की काउंटरवरून आवाज येतो, "मावशी, सही त्याची लागते." हात उचलत नाही हो त्याचा. "मग पालकत्वाचं प्रमाणपत्र आणा."

त्यासाठी 1999 चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे, आणि खरं सांगायचं तर कायदा चांगला आहे. स्वमग्न, सेरेब्रल पाल्सीग्रस्त, बौद्धिक दिव्यांग आणि बहुविकलांग यांच्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांची समिती पालक नेमते. तिची बैठक तीन महिन्यांतून एकदा तरी व्हावी, असं त्यात लिहिलंय. प्रमाणपत्र मिळालं की सहा महिन्यांत मुलाच्या मालमत्तेची यादी द्यायची आणि पुढे दरवर्षी हिशेब. माउली यादी देईल: व्हीलचेअर एक (डावं चाक अडकतं), गोधड्या दोन, पासबुक एक.

शेजारच्या गल्लीत आईबाप गेलेली एक पोर काकाकडे आहे, असंही समजा. तिच्या नावावर नदीकाठची केळीची बाग. जमीन विकायची म्हटलं की कोर्टाची परवानगी आडवी येते. केळी मात्र दरवर्षी कापावीच लागते ना भो! व्यापाऱ्याच्या काट्यावर घडाचं वजन होतं, काकाच्या नियतीचं नाही. त्याच्याकडे यादी मागायला कुणी येत नाही, कारण तो अर्ज करायलाच गेलेला नाही. जो अर्ज करतो तो तपासात सापडतो. न करणारा पाहुण्यांत कर्ता पुरुष म्हणून मिरवतो.

घरातले आजोबा कोमात गेले तर गंमत आणखी मोठी. त्यांच्यासाठी पालक नेमायचा सरळ कायदाच नाही. घटनेच्या 226 व्या अनुच्छेदाखाली उच्च न्यायालयात जायचं, म्हणजे यावलवाल्याने छत्रपती संभाजीनगरचं खंडपीठ गाठायचं. तोवर दवाखान्याचं बिल थांबत नाही, आजोबांचं खातं तेवढं थांबतं.

इंग्रज याबाबतीत रोखठोक होता. 1905 च्या मुंबई कोर्ट ऑफ वॉर्ड्स कायद्याने सरकार जमीनदारांच्या अज्ञान वारसांची इस्टेट स्वतः सांभाळायला घेई. इस्टेट होती ना! गोधड्या सांभाळायला साहेब कशाला येईल?

असो. घरात त्या माउलीच्या मुलासारखं सतरा वर्षांचं लेकरू असेल तर वाढदिवसाची वाट पाहू नका. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड आत्ताच काढून ठेवा, अठरा पूर्ण होताच जळगावच्या समितीकडे अर्ज टाका आणि पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.