स्ट्रक्चरचा बॅकवाला

शिरूर-दौंडकडून पुण्याला आर्किटेक्चर शिकायला जाणाऱ्या मुलांत एक नमुना हमखास सापडतो: डिझाइनच्या ज्युरीत टाळ्या घेणारा आणि स्ट्रक्चरला बॅक असणारा. शिरूरला रेल्वे नाही, त्यामुळे तिथला गडी एसटीत बसून आणि दौंडचा शटलमध्ये दाराशी लटकून बीमच्या मोमेंटचा एकच जप करतो, डब्ल्यू एल स्क्वेअर बाय एट. टोकं जखडलेली असतील तर बाय ट्वेल्व्ह, कॅन्टिलिव्हर असेल तर बाय टू. जुन्या पेपरांच्या झेरॉक्सवर पिवळा मार्कर ओढत, यंदा कोणतं गणित 'पडणारच' हे तो पंचांगकर्त्याच्या थाटात सांगतो. कोरेगाव भीमाला एसटी नदी ओलांडते, तेव्हा मात्र तो मान वर करत नाही. तो पूल सिलॅबसमध्ये नाही.

त्याला आळशी ठरवणं अन्यायाचं. शीटवरच्या झाडांच्या सावल्या रंगवायला तो रात्र रात्र जागतो. हा नमुना आपल्या व्यवस्थेनंच पोसला आहे. १९७२च्या आर्किटेक्ट्स अ‍ॅक्टप्रमाणे मान्य पदवी हातात आली, कौन्सिलकडे नोंदणी झाली, की आर्किटेक्टची पाटी लावायला मोकळं. मधे परवान्याची परीक्षा नाही. अमेरिकेत ती असते, आणि २०१८पर्यंत तिच्यात स्ट्रक्चरचा वेगळा विभागच होता. आपल्याकडे शेवटची बॅक सुटली, की स्ट्रक्चरही जन्माचं सुटतं.

'मग आरसीसी कन्सल्टंट कशाला असतो?' हा त्याचा ठेवणीतला सवाल. आकडेमोड कन्सल्टंटनंच करावी, वाद नाही. पण गॅलरी किती पुढे काढायची, हे बऱ्याचदा मालक आणि आर्किटेक्ट चहा पिता पिता ठरवतात. 'साहेब, चारची पाच फूट करा की, वाळवण घालायला बरी पडंल.' साहेब रेघ पुढे सरकवतात. लांबी सव्वापट झाली, आणि वजन फुटामागे तेवढंच धरलं तरी मोमेंट दीडपटीच्या वर गेला. स्क्वेअर, स्क्वेअर म्हणून घोकलेलं ते हेच, पण सरकलेल्या रेघेत साहेबांना ते दिसत नाही. खरी तोंडी परीक्षा तर स्लॅबच्या दिवशी. गॅलरीत ताण वरच्या अंगाला येतो, म्हणून मुख्य सळी वर बांधतात. घमेली घेतलेले मजूर जाळीवरून चालतात, सळी उचलून धरणाऱ्या खालच्या चेअर आडव्या होतात, सळी खाली बसते. वर काँक्रीट पडलं की सगळं झाकलं. 'साहेब, सळी बसलीया, उचलू का?' असं फिटर विचारतो, तेव्हा साहेब एलेव्हेशनचे फोटो काढत असतात. कन्सल्टंटचं ड्रॉइंग बिनचूक असतं. ते गाडीच्या डिकीत असतं.

मग परवान्याची परीक्षा आणावी का? आणली तर पुण्यात आधी क्लास निघतील आणि मागोमाग गाइडं. म्हणूनच ती गणितांची नको. उमेदवाराला चालू स्लॅबवर उभं करावं, गॅलरीतली सळी दाखवावी आणि ती वर का, एवढंच विचारावं. परीक्षक म्हणून शेजारी फिटरला बसवावं. उत्तर ऐकून तो हसला, की बॅक.