तिसऱ्या पाळीतली आजी

शेजारच्या महाड औद्योगिक वसाहतीमुळे बिरवाडीला तीन पाळ्यांची सवय आहेच. तेव्हा नातवंडांचं संगोपनही रात्रपाळीत गेलं, ही प्रगतीच म्हणायची. न्यू जर्सीतलं मूल उन्हाळ्यात संध्याकाळी 6 वाजता जेवायला बसतं, तेव्हा इथे पहाटेचे साडेतीन झालेले असतात. आजी उठते, मोबाईल तांदळाच्या डब्याला टेकवते, ‘आ कर’ म्हणते आणि स्वतःच आधी आ करते. तिकडे घास जातो. नोव्हेंबरात अमेरिका आपली घड्याळं तासभर मागे घेते आणि हेच काम साडेचारवर येतं. आजीच्या झोपेची एवढी काळजी घरातल्यांनीही कधी घेतली नसेल.

कुणी म्हणेल, मग आजीलाच तिकडे न्या. पण पाहुण्यांच्या व्हिसावर एका खेपेला साधारण सहा महिनेच राहता येतं, भुकेला अशी मुदत नसते. शिवाय तिकडे नेलेल्या आजीचे गुडघे दुखतात. पडद्यावरच्या आजीला गुडघेच नसतात. मुलाला मराठी येणार नाही, हा आक्षेपही फोल. वर्णमालेतला ‘आ’ तर त्याचा पक्का झाला! उलट वसाहतीत एक शेड घेऊन गावातल्या सगळ्या आज्या रांगेत बसवाव्यात, भोंग्यावर पाळी बदलावी, दीडच तास मागे असलेली दुबईची पोरं दिवसपाळीला द्यावीत. जनरेटर मात्र हवा. पावसात वीज गेली तर अमेरिका उपाशी राहील.

किरकोळ प्रश्न उरतो तो ओटीवरच्या नातवाचा. तो आपल्या हाताने जेवतो. आजी तेव्हा झोपलेली असते.