आधी फोटो, मग घास

आमच्या गल्लीतल्या अंगणवाडीत परवा तासभर बसून आलो. नावात अंगण आहे, वाडीही आहे. प्रत्यक्षात दहा बाय बाराची भाड्याची खोली. तिच्यात पंचवीस मुलं, एक वजनकाटा, तांदळाची पोती आणि कुपोषणमुक्तीचा एवढा मोठा फ्लेक्स, की एकुलती एक खिडकी त्याच्यामागे झाकली गेलीय.

मदतनीसताईंनी खिचडी वाढली. मुलांचे हात ताटाकडे गेले, तेवढ्यात सेविकाताई ओरडल्या, "थांबा रे, फोटो राहिला!" पंचवीस हात हवेतच अडकले. रेंज फक्त दारात मिळते, म्हणून ताई फोटो काढून तो सरकारी ॲपवर चढवायला दारात उभ्या. मोबाइलवरचं चाक फिरून थांबेपर्यंत खिचडी इतकी थिजली, की वड्या पाडाव्यात. योजनेच्या कागदावर हिला 'गरम ताजा आहार' म्हणतात. ॲपमध्ये तो गरमच पोचतो.

तीन ते सहा वर्षांच्या मुलाला रोज अंगणवाडीतून ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं मिळावीत, असा नियम २०१७ साली होता. त्यासाठी मुलामागे दिवसाला ८ रुपयांचा दर ठरला तो त्याच साली. कोपऱ्यावरच्या टपरीवर आज ८ रुपयांत कटिंगही मिळत नाही, आणि टपरीवाल्याला प्रथिनांचा हिशेबही कुणी विचारत नाही.

आता व्यायाम. तीन-चार वर्षांच्या मुलानं दिवसभरात किमान तीन तास अंग हलवावं, असं जागतिक आरोग्य संघटना २०१९ पासून सांगतेय. इथे लंगडी घातली तर पहिल्या उडीला वजनकाटा आणि दुसऱ्या उडीला गॅसची शेगडी. म्हणून 'हाताची घडी, तोंडावर बोट' हा एकच व्यायामप्रकार शिल्लक आहे. स्क्रीन दिवसाला एका तासाच्या आत ठेवा, असंही त्याच संघटनेचं म्हणणं. मुलं हा नियम काटेकोर पाळतात. ताईंना तेवढी चैन परवडत नाही. दिवसभर हलतो तो त्यांचा अंगठाच.

२०२१ साली राज्यभरातल्या सेविकांनी तापणारे, मेमरी कमी पडणारे सरकारी मोबाइल परत केले होते. फोन उपाशी असला की लगेच कळतं, तो बंद पडतो. मूल उपाशी असलं की गप्प बसतं, आणि गप्प बसलेलं मूल फोटोत फार छान दिसतं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २०१५-१६ साली महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३४.४ टक्के मुलं वयाच्या मानानं खुजी होती. पुढच्या, म्हणजे २०१९-२१ च्या सर्वेक्षणात हा आकडा ३५.२ वर गेला. एवढ्या वर्षांत वाढलेली उंची ती हीच. तिचा फोटो मात्र कुणी मागत नाही.